पेण ते रोहा, चार्ज किती?

आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये लोक एकमेकांच्या मुलांची चौकशी करतात, सासऱ्यांच्या गुडघ्याची करतात आणि माझ्या गाडीची करतात. "काय मॅडम, आज कशी आहे?" तापाच्या पेशंटबद्दल विचारावं तसं! मी "बरी आहे" म्हटलं की विचारणाऱ्याचा चेहरा जरा पडतोच. तीन वर्षांत सवयच लागलीय त्यांना. किस्से काही कोणी ठरवून साठवत नाही. एकाची धडधड थांबायच्या आत दुसरा घडतो, आणि महिन्याभरानं डबा खाताना लक्षात येतं, की ज्या दिवशी आपण रडायच्या बेतात होतो तोच दिवस आपण हसत हसत सांगतोय.

आधी माणसं सांगते. मी वर्षा, रोह्याच्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये. राहायला पेणला. माझ्याबरोबर रोज दोघं. पुढच्या सीटवर शिर्के, आमच्याच कंपनीचे सेफ्टी सुपरवायझर, आमच्या मागच्या गल्लीत राहणारे. सेफ्टी हे त्यांचं खातं नाही, स्वभाव आहे. गाडीत बसले की एक हात कायम दाराच्या हँडलवर. मागच्या सीटवर पाटीलकाका, बॉयलरवरचे, रिटायरमेंटला आलेले. गाव खाडीकडचं, घरचं मिठागर. ते वडखळला गाडीत चढतात आणि चढल्याबरोबर चपला काढून मांडी घालतात.

आणि चौथी गाडी. माझ्या नवऱ्याचे, महेशचे, एक साहेब परदेशी गेले आणि जाताना ती आम्हाला विकून गेले. प्लग-इन हायब्रिड. म्हणजे घरच्या प्लगवर चार्ज करायची, चार्ज आहे तोवर विजेवर पळणार, संपला की पेट्रोलचं इंजिन आपोआप चालू होणार. हे मी पहिल्या दिवशी काकांना नीट समजावून सांगितलं. काका म्हणाले, "म्हंजे आमची होडीच की गो! वल्हं पण हाय, इंजिन पण हाय."

इतकं सोपं मला आजवर शोरूममधल्या कुणीही सांगितलेलं नाही.

* * *

पेण ते रोहा चाळीसेक किलोमीटर. फुल चार्ज केला की स्क्रीनवर आकडा येतो पंचेचाळीस. म्हणजे पाच किलोमीटर शिल्लक राहायला हवेत, हो ना?

पहिल्या आठवड्यात नागोठण्यापर्यंत सगळं छान. तिथून पुढे भिसे खिंडीचा चढ लागला आणि आकडा भराभर उतरायला लागला. बावीस. अठरा. चौदा. शिर्के मोठ्यानं वाचून दाखवत होते. "मॅडम, अकरा!" मी एसी बंद केला. मे महिना. मग रेडिओ बंद केला. मग शिर्के म्हणाले मोबाईलचं चार्जिंग काढा, ते काढलं. मग काचा वर घ्या, वारा अडतो, तर काचा वर घेतल्या. आम्ही तिघं बंद डब्यात शिजत होतो आणि मी श्वाससुद्धा जपून घेत होते.

खिंडीच्या माथ्यावर आकडा होता सहा. 

मागून काकांनी विचारलं, "ताई, टाकीत पेट्रोल हाय ना?"

"आहे ना. फुल आहे."

"मग आपुन घाबरलोय कशाला?"

मी एसी लावला. 

* * *

घरी चार्जिंगची सोय केली तीही एक कहाणीच. आमच्या घराला खाली रस्त्याकडे एक गाळा आहे. सासऱ्यांचं किराणा दुकान होतं तिथे, ते गेल्यावर बंद झालं. तिथे गाडी ठेवतो. महेशनं पंधरा अँपिअरचा नवा प्लग बसवून घेतला. मी केबल लावली. चार्जरवर लाल दिवा! काढली, पुसली, पुन्हा लावली. लाल!

सर्व्हिस सेंटर पनवेलच्याही पलीकडे. फोनवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅम, तुमच्या घराला अर्थिंग नाहीये." मला एकदम धक्काच बसला. बारा वर्षं त्या घरात मी गीझर लावतेय, ओल्या हातानं मिक्सर लावतेय, आणि अर्थिंग नाही! त्या रात्रीपासून मी फ्रिजला रुमालानं हात लावायला लागले.

इलेक्ट्रिशियन आला. म्हणाला, मागच्या अंगणात खड्डा खणू, तांब्याची पट्टी पुरू, वर कोळसा आणि मीठ भरू. "मीठ किती?" "भरपूर. जाडं."

दुसऱ्या दिवशी गाडीत हे सांगितलं. रविवारी सकाळी दारात टेम्पो उभा. काका आणि त्यांचे दोन भाऊ, सोबत खाडीच्या मिठाच्या चार गोणी! इलेक्ट्रिशियन म्हणाला, "काका, अहो एक पुरे." काका म्हणाले, "वर्षाताई रोज मना घेऊन जाते. तिला शाक लागला तर मी कामावर कसा जाव?"

एक गोणी खड्ड्यात गेली. उरलेल्या तीन आम्ही गल्लीत वाटल्या. त्यानंतर हिरवा दिवा लागला. पण खड्डा सुकला की पुन्हा लाल होतो, म्हणून उन्हाळ्यात रोज सकाळी त्यात बादलीभर पाणी ओतावं लागतं. शेजारच्या काकूंनी आठवडाभर पाहिलं आणि मग हळूच विचारलं, "काय पुरलंय गो तिथे?"

* * *

विजेवरच जाणं-येणं व्हायला लागलं. कंपनीनंही पार्किंगमध्ये एक प्लग दिला. पेट्रोल भरायचं मी विसरूनच गेले. मग एक दिवस स्क्रीनवर मेसेज आला, की टाकीतलं पेट्रोल जुनं झालंय, इंजिन आता थोडा वेळ स्वतःहून चालेल. आणि चाललं! चार्ज पूर्ण असताना, सिग्नलला उभी असताना, अचानक घर्रर्र! शिर्क्यांनी दार उघडून एक पाय बाहेर टाकला होता.

सर्व्हिसवाले म्हणाले, थोडं नवं पेट्रोल भरा. गेले वडखळच्या पंपावर. या गाडीची टाकी हवाबंद असते, झाकण लगेच उघडत नाही. आत एक बटण दाबायचं, मग स्क्रीनवर येतं, "टाकीतला दाब कमी होत आहे, थांबा."

थांबले. मागे दोन बाइक, एक टेम्पो, कुठल्याशा कंपनीची एक एसटीएवढी बस. हॉर्न सुरू. पंपवाला नोझल हातात धरून उभा. शिर्क्यांनी "दाब" हा शब्द वाचला आणि ते गाडीतून उतरले. दोन्ही हात पसरून मागच्यांना ओरडायला लागले, "मागे व्हा! सगळे मागे व्हा! टाकीत प्रेशर आहे!"

पंप अर्ध्या मिनिटात रिकामा झाला! बाइकवाले बाइक सोडून पळाले.

तेवढ्यात खट्‌ करून झाकण उघडलं. पंपवाला जागचा हलला नव्हता. शांतपणे म्हणाला, "ताई, किती लिटर?"

* * *

पावसाळ्यातला एक दिवस मात्र अजून अंगावर काटा आणतो. कुंडलिका नदीचं पाणी वाढतंय म्हणून कंपनीनं दुपारी सगळ्यांना सोडलं. पूल ओलांडून आम्ही पलीकडच्या अष्टमी गावात आलो, तर पुढे रस्ता दिसेना. तपकिरी पाणी, आणि कडेच्या कुंपणांची फक्त टोकं. मागे वळावं, तर पोलिसांनी पूल बंद केलेला.

चाकांना पाणी लागलं. शिर्के पांढरे पडले. "मॅडम, आपल्या सीटखाली हाय व्होल्टेज बॅटरी आहे. सगळ्यांनी पाय वर घ्या!"

काकांची मांडी होतीच. शिर्क्यांनी पाय डॅशबोर्डला टेकवले. मला म्हणतात, "मॅडम, तुम्ही पण!"

"मी पाय वर घेतले तर ब्रेक कोण दाबणार, शिर्के?"

बॅटरी बंद पेटीत असते, एवढ्याशा पाण्यानं काही होत नाही, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि पाय खाली ठेवणं यात फार अंतर आहे! मी गाडी मागे घेत घेत एका हार्डवेअरच्या दुकानासमोरच्या उंचवट्यावर आणली. दुकानदार सलीमभाई बाहेरच उभे होते, आमची कसलीही ओळख नाही. म्हणाले, "इथं ठेवा बिनधास्त. नंबर देऊन जा." आम्ही गुडघाभर पाण्यातून स्टेशन गाठलं आणि उशिरानं आलेल्या ट्रेननं पेणला पोचलो.

घरी आल्यावर त्यांचा फोन. "ताई, पाणी चढतंय. तुमच्या टायरला लागलं." अर्ध्या तासानं, "टायर निम्मा गेला." मी महेशला काही सांगितलंच नाही. देवघरासमोर बसून राहिले. मग तासभर फोनच नाही. मी लावला तर लागेना. त्या एका तासात मी मनातल्या मनात ती गाडी तीनदा खाडीत पाहिली.

संध्याकाळी फोन वाजला. "उतरलं पाणी, ताई. आत नाय गेलं, चाकांपर्यंतच होतं. टेन्शन नका घेऊ."

मी म्हटलं, "सलीमभाई, फोन का लागत नव्हता?"

"फोन दुकानात ठेवला होता. मी पाण्यात होतो ना. तुमची गाडी दोरीनं विजेच्या खांबाला बांधत होतो. वाहून गेली असती तर तुम्ही मला काय म्हटलं असतं?"

सर्व्हिस सेंटरनं आठ दिवस तपासली. काही झालं नव्हतं. पण त्यांच्या रिपोर्टमध्ये एक ओळ होती : मागच्या हुकाला नायलॉनच्या दोरीच्या सात गाठी, सोडवता आल्या नाहीत, कापल्या.

* * *

काकांच्या नातीचं बारसं होतं त्या दिवशीची गंमत. गंमत आता वाटते.

काकांनी रोह्यातून बाळासाठी चांदीचे वाळे आणि टोपरं घेतलं, आणि पिशवी दुपारी डिकीत ठेवली. संध्याकाळी सहाला गावात पाळणा. पाचला कंपनीच्या पार्किंगमध्ये आलो. किल्ली दाबली. काही नाही! दिवे नाहीत, आवाज नाही, दार नाही.

या गाडीत दोन बॅटऱ्या असतात. एक ती मोठी, जिच्यावर गाडी पळते. दुसरी साध्या गाड्यांसारखी छोटी, जी दारं उघडते आणि मोठीला जागी करते. छोटी मेली की मोठी भरलेली असूनही झोपलेलीच! आमची छोटी मेली होती.

फोन केला, तर उत्तर आलं, "मॅम, उद्या गाडी ओढून न्यावी लागेल." काका नुसते डिकीकडे बघत उभे राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना. किल्लीच्या पोटात लपवलेलं लोखंडी पातं असतं, त्यानं मी पुढचं दार उघडलं. डिकी मात्र विजेवरच उघडते. शिर्के म्हणाले, मागची सीट पाडून आतून जाता येईल, पण आधी विचार करू. तोवर काका आत होते! अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, इस्त्रीचा पांढरा शर्ट, सीटवरून डिकीत पोटावर सरपटत गेला. आतून आवाज आला, "सापडली!" आणि मग, "पन आता मी मागं कसा येव?"

आम्ही दोघांनी पाय धरून ओढलं. गेटवरच्या मिनीडोअरवाल्याला, म्हणजे सहा सीटच्या रिक्षावाल्याला बोलावलं. त्यानं आपल्या रिक्षेच्या बॅटरीला वायरी लावल्या, आमच्या बॅटरीला जोडल्या, आणि गाडीचे सगळे दिवे लख्ख लागले. तो मागे सरून एकदा आमच्या गाडीकडे आणि एकदा आपल्या खिळखिळ्या मिनीडोअरकडे बघत राहिला. मग आपल्या बॉनेटवर हात फिरवत म्हणाला, "बघ गो बाय, कोणाला उठवलंस तू!"

पाळणा सात वाजता झाला. काकांसाठी सगळे थांबले होते. शर्टावर छातीपासून पोटापर्यंत काळा पट्टा, आणि त्याच शर्टात त्यांनी नातीला मांडीवर घेतलेला फोटो आजही त्यांच्या घरी दर्शनी लावलेला आहे.

* * *

आता हे शेवटचं. हे मी कँटीनमध्ये फार सांगत नाही.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या भागात आदल्या दिवसापासून वीज येत-जात होती. गाडी चार्जच झाली नाही, आणि पेट्रोलही तळाला गेलेलं. म्हणून ती गाळ्यात ठेवली, शटर ओढलं, आणि मी आणि काका कंपनीच्या बसनं रोह्याला आलो. शिर्क्यांची सुट्टी होती. महेश कामाला मुंबईत. घरी फक्त सासूबाई, आमच्या आई. वय सत्तर, तब्येत खणखणीत, दुपारी दोन ते चार झोप ठरलेली.

अडीच वाजता सहज बघावं, वीज आली का, चार्जिंग सुरू झालं का, म्हणून मोबाईलवर गाडीचं ॲप उघडलं. त्यात लिहिलं होतं, "चार्ज शून्य टक्के. गाडी चालू."

पहिल्यांदा वाटलं, चोरी! नकाशा बघितला. ठिपका आमच्या घरावरच. म्हणजे गाडी गाळ्यातच आहे. आणि मग डोक्यात लख्खकन उजाडलं. चार्ज शून्य आणि गाडी चालू, म्हणजे इंजिन चालू. शटर बंद. गाळ्यातून एक दार थेट आमच्या स्वयंपाकघरात उघडतं, आणि त्याला लागून आईंची खोली. मी रोज गॅसच्या सिलिंडरांचे नमुने तपासते. बंद खोलीत इंजिनाचा धूर काय करतो, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

आईंना फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. वाजत राहिला.

मग शिर्क्यांना. "शिर्के, आमच्या गाळ्यात गाडीचं इंजिन चालू आहे. शटर खाली आहे. आई घरात आहेत."

जो माणूस पंक्चर काढतानाही दहा प्रश्न विचारतो, त्यानं एक शब्द विचारला नाही. फोन बंद करायलाही थांबले नाहीत. मला पळण्याचा आवाज येत होता. चपला. कुणाचं तरी "काय झालं हो?" मग शटरचा मोठा खडखडाट. मग खोकला. मग फोन कट.

कुणाकडून तरी ऐकून काका लॅबच्या दारात कधी येऊन उभे राहिले मला कळलं नाही. त्यांच्या हातात पाण्याचा ग्लास होता. तो त्यांनी मला दिला नाही आणि खालीही ठेवला नाही. घड्याळात मिनिटं जात होती आणि आम्ही दोघं फोनकडे बघत उभे. सात मिनिटं. नऊ. काका पुटपुटले, "लागंल गो. लागंल फोन."

अकराव्या मिनिटाला लागला. शिर्के धापा टाकत होते. "बाहेर काढलंय. बोलतायत. रिक्षात आहोत, दवाखान्यात चाललोय."

मी खुर्चीत बसले आणि काकांनी ते पाणी स्वतःच पिऊन टाकलं.

डॉक्टरांनी आईंना ऑक्सिजन लावला. डोकं दुखत होतं, मळमळत होतं. म्हणाले, वेळेवर आणलंत. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी सोडलं. महेशनं त्याच आठवड्यात शटर काढून जाळीचं दार बसवलं, आणि घरी असायची ती दुसरी किल्ली आता माझ्या पर्समध्ये असते. आईंनी ते मनाला लावून घेतलं. "ब्रेक दाबून बटण दाबायचं, एवढंच ना? तुम्ही रोज करता ते मी बघत नाही होय?" त्यापुढे त्यांनी काही सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

 महिनाभरानं एकदा नागोठण्याच्या पुढे, काका मागे डुलक्या घेत असताना, शिर्के स्वतःहून त्या दुपारबद्दल बोलायला लागले. शटर वर केलं तर धूर अंगावर आला. रुमाल नाकाला लावला आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे धावले, तर गाडीच्या काचेतून पांढरं काहीतरी दिसलं. आईंचे केस. पुढची सीट पूर्ण मागे केलेली, चष्मा मांडीवर, पाय लांब सोडलेले, एसी पूर्ण वाढवलेला. त्यांनी दार उघडलं आणि आईंचा खांदा हलवला. आईंनी मोठ्या कष्टानं डोळे उघडले, त्यांना ओळखलं आणि हसल्या.

"या शिर्के, बसा ना आत," म्हणाल्या. "पण आधी ते दार लावा. गार हवा जाते."